मंगळवारी इंजिन कोणी चालवलं?

१

बोट दोरीने ओढून धक्क्याला लावली तेव्हा तिच्यावरचा एकही दिवा लागत नव्हता. जमलेल्या प्रत्येकाने आधी बोटीकडे पाहिलं आणि मग वायरवालीकडे.

वायरवाली ही मेलेल्या माणसाची सख्खी धाकटी बहीण. बंदरातल्या निम्म्या बोटींची वीज तिच्या हातची. तिचं नाव घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि घरच्यांपैकी जो सगळ्यात जास्त हाका मारायचा तोच आता उरला नव्हता.

झालं होतं ते असं. शुक्रवारी दादा एकटाच शिडाची बोट घेऊन समुद्रात गेला होता. संध्याकाळी परतताना वारा पडला आणि धुकं उतरलं. शीड गुंडाळून तो इंजिनावर येत होता. बंदराच्या तोंडाशी एका मालवाहू बोटीने त्याला कुशीत धडक दिली. त्या बोटीवरचे लोक एकच सांगत होते, की समोर काही दिसलंच नाही. दिवा नाही, भोंगा नाही, रेडिओवर चकार शब्द नाही. दादा पाण्यात फेकला गेला. त्याला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं.

दिवे, भोंगा, रेडिओ हे सगळे बॅटरीच्या जिवावर जगतात, आणि बॅटरी अल्टरनेटरच्या. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारं ते यंत्र बोटीवर नवंकोरं होतं. आदल्याच शनिवारी वायरवालीने ते स्वतःच्या हाताने बसवलं होतं.

तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. "दगड आहे," असं मागे कुणीतरी पुटपुटलं ते तिला ऐकू आलं, आणि त्याचंही काही वाटलं नाही. बोटीची दोरी कुणीतरी चुकीच्या गाठीने बांधली होती, तेवढं तिला दिसत होतं.

बंदर-अधिकारी बाई गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आल्या. मध्यम वयाच्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या.

"चौकशी बुधवारी. तोवर बोटीला कुणी हात लावायचा नाही. तुम्ही तर नाहीच."

"बरं."

"एक सांगा. शनिवारी काम पुरं झालं होतं, मग मंगळवारी येऊन इंजिन का चालवलंत? काही बिनसलं होतं?"

वायरवालीने पहिल्यांदाच मान वर केली.

"मंगळवारी मी बंदरावर आलेच नव्हते."

"शेजारच्या बोटीवरचे मास्तर सांगतात, बाईचा आवाज होता. इंजिन बराच वेळ चालू होतं." बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्याशिवाय या बोटीवर दुसरी कोण बाई येते?"

कोणी येत नव्हतं. निदान तिच्या माहितीत तरी.

२

दादाच्या घरी माणसं भिंतीला टेकून बसली होती. वहिनी मधल्या खोलीत खुर्चीवर होती. मांडीवर दादाचे दोन चष्मे, जवळचा आणि लांबचा. दादाचं चष्म्याचं दुकान होतं आणि वहिनी त्याच्या बरोबरीने दुकानात बसायची. ती एक चष्मा पुसून खाली ठेवी, दुसरा उचली, मग पुन्हा पहिला.

"तू जेवलीस का?" वहिनीने विचारलं.

"हो," वायरवाली म्हणाली. जेवली होती की नाही ते तिला आठवत नव्हतं.

कप्तान दाराशी उभा होता. तो दादाचा कॉलेजपासूनचा दोस्त आणि बोटीत अर्ध्या हिश्श्याचा भागीदार. मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा, पण समुद्रावर त्याचा हात धरणारा बंदरात दुसरा नव्हता. म्हणून कप्तान. तो तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "हे बघ, तुला कुणी मुद्दाम दोष देत नाहीये. माणसाच्या हातून होतं. घाईत बसवलं की अल्टरनेटरमधले डायोड जळतातच. कबूल करून मोकळी हो. चौकशी लांबली तर वहिनीचेच हाल."

"कबूल केलं की संपेल?"

"संपेल. परवाना जाईल तुझा, वर्ष-दोन वर्षं. पण संपेल."

तिला ते पटण्यासारखं वाटलं. खरं तर त्या घडीला कुणी काहीही म्हटलं असतं तरी पटलं असतं. आपल्याच हातून भाऊ गेला, हे वाक्य तिने मनातल्या मनात म्हणून पाहिलं. कुठेच दुखलं नाही. दंतवैद्याने बधिर केलेल्या गालाला बोट लावून बघावं, तसं.

निघताना वहिनी म्हणाली, "ती बोट आता कुठे ठेवलीय?"

"धक्क्यावरच आहे. तुला बघायची आहे?"

"मला?" वहिनीने चष्मा खाली ठेवला. "मी त्या बोटीवर कधी पाय नाही ठेवला. मला पाण्याकडे बघूनच गरगरतं, ठाऊक आहे ना तुला."

ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

जिना उतरताना मात्र एक गोष्ट वायरवालीच्या डोक्यात नळाच्या थेंबासारखी टपटपत राहिली. दोष माझा असेल तर असो. पण मंगळवारची ती बाई मी नव्हते.

३

मास्तर निवृत्त झाल्यापासून आपल्या बोटीतच राहत. दुपारी कोळशाच्या कांडीने मुलांना चित्रकला शिकवत, उरलेला वेळ बंदराच्या उचापती करत.

"पोरी, मी तुझं नाव घेतलंच नाही," ते कानकोंडे होऊन म्हणाले. "बाईचा आवाज आला, एवढंच बोललो. मग अधिकारी बाईंनी विचारलं, त्या बोटीवर बाई कोण येते, तर मी म्हटलं, वायरवाली."

"तुम्ही पाहिलं नाहीत?"

"मी खाली शिकवणीत. इंजिनाचा आवाज, धूर खिडकीतून आत. मुलं खोकायला लागली. वाटलं आता बंद होईल, मग होईल. होईचना! वरून बाईचा आवाज, जरा घाबरल्यासारखा. फोनवर असावी, कारण बोलायची, थांबायची, परत बोलायची. मग एकदाचं आचका देऊन इंजिन थांबलं."

"काय बोलत होती?"

"त्या धडधडीत काय ऐकू येणार? मी वर आलो तोवर चिटपाखरू नव्हतं."

"आणि शुक्रवारी? दादा निघाला तेव्हा?"

"पहाटे निघाला. तांबडा-हिरवा दिवा लावून, अगदी नियमाने. मी हात केला, त्यानेही केला."

तिथून ती बोटींचे सुटे भाग विकणाऱ्या यार्डवाल्याकडे गेली. अल्टरनेटर त्याच्याकडूनच घेतला होता. तिला पाहताच त्याने हात जोडले.

"माझा माल नवा होता हं! खोक्यातून तुमच्यासमोर काढला."

"तेच विचारायला आलेय. शनिवारी तुम्ही जुना अल्टरनेटर न्यायला आला होतात. तेव्हा काय पाहिलंत?"

यार्डवाल्याने मान खाजवली. बिघाड तिच्या बसवण्यात निघाला तर त्याच्या मालावरचा डाग पुसला जाणार होता. पण माणूस बडबड्या असला तरी लबाड नव्हता.

"काटा चौदावर होता," तो शेवटी म्हणाला. "इंजिन चालू, बॅटरीला चौदा व्होल्ट चढत होते, लाल दिवा विझलेला. तुमचे दादा म्हणाले, आता हिची चिंता मिटली. माझ्यापुढे म्हणाले. विचारलं तर मी सांगेन तसं."

म्हणजे शनिवारी सगळं ठीक होतं. शुक्रवारी काही ठीक नव्हतं. मधला मंगळवार तेवढा उरला.

बोटीच्या किल्ल्या दोनच होत्या. एक कप्तानाकडे, दुसरी दादाच्या दुकानात खणात. कप्तान मंगळवारी दिवसभर परीक्षेच्या मैदानावर शिकाऊ चालकांबरोबर होता, हे अधिकारी बाईंनी आधीच पडताळून घेतलं होतं.

मग तिने बाईंना फोन लावला. "मॅडम, बोट तपासायची आहे. तुमच्यासमोर. मी हात कुठे लावते ते तुम्ही बघत राहा."

"तुमच्याच विरुद्ध काही निघालं तर?"

"तर निघू दे."

४

रविवारी सकाळी त्या दोघी बोटीत उतरल्या. कुशीला खिंडार पडलं होतं, तळाशी घोटाभर पाणी होतं, पण इंजिन कोरडं होतं. टेबलावर दादाची कानटोपी पडली होती. वायरवालीने ती उचलून कोपऱ्यात ठेवली आणि मीटर बाहेर काढलं.

"बॅटरी पार बसलीय," ती म्हणाली. "बिघाड शोधताना आधी सोपं बघायचं. पट्टा." तिने अंगठ्याने पट्टा दाबला. "ताठ आहे. झिजलेला नाही, काळी पूडही सांडलेली नाही. जोडण्या." तिने एकेक वायर हलवून पाहिली. "घट्ट. स्वच्छ. मुख्य स्विच." जिन्याखाली तांबड्या मुठीचा स्विच होता. "चालू."

"मग?"

"मग दुसरी बॅटरी लावून बघू."

बरोबर आणलेली भरलेली बॅटरी तिने जोडली आणि सुकाणूपाशी जाऊन किल्ली अर्धी फिरवली. तिथल्या फळीवर अल्टरनेटरचा छोटा लाल दिवा असतो. इंजिन सुरू व्हायच्या आधी तो पेटतो आणि वीज तयार व्हायला लागली की विझतो.

दिवा पेटलाच नाही.

"विझलेलाच आहे, म्हणजे चांगलं ना?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"इंजिन चालू असताना विझलेला असला तर चांगलं. आत्ता पेटायला हवा होता." तिने दिव्याचा बल्ब काढून उन्हात धरला. आतली तार तुटून काळी पडली होती. "बल्ब जळलाय. जळलेला दिवा आणि विझलेला दिवा दिसायला सारखेच. घाईतल्या माणसाला वाटतं, लाल नाही, म्हणजे सगळं आलबेल."

दादाला तसंच वाटलं असणार. हे ती मोठ्याने बोलली नाही.

नवा बल्ब घातला. दिवा लागला. इंजिन दोन खोकल्यांत सुरू झालं. पण लाल दिवा काही विझला नाही आणि मीटरचा आकडा जागचा हलला नाही. इंजिन थांबवून तिने अल्टरनेटर उतरवला, मागचं झाकण उघडलं. आतून करपल्याचा वास आला.

"डायोड जळलेत. सगळेच. वीज एका दिशेने सोडणाऱ्या झडपा समजा. त्या गेल्या की अल्टरनेटर नुसता फिरतो."

बाईंनी सुस्कारा सोडला. "म्हणजे कप्तान म्हणत होते तसंच झालं. बसवण्यात चूक."

वायरवालीचे हात झाकणावरच थबकले.

"कप्तान असं कधी म्हणाले?"

"कालच, मला. तुम्हालाही म्हणालेत, असं सांगत होते."

खरंच. दाराशी उभं राहून तो म्हणाला होता. आणि हे झाकण तर आत्ता, या घडीला, पहिल्यांदा उघडलं होतं.

५

वायरवाली उठून बोटीवरचं एकेक बटण दाबत सुटली.

डोलकाठीवरचा दिवा लागला. तांबडा-हिरवा लागला. भोंगा असा वाजला की मास्तर आपल्या बोटीतून डोकं काढून बघू लागले. रेडिओ खरखरला.

"हे सगळं धडधाकट आहे," ती म्हणाली. "फक्त यांना वीज मिळाली नाही."

मग तिने खोलीतल्या टेबलावरच्या दिव्याचं बटण दाबलं. काही नाही. बाजूच्या लहान पंख्याचं दाबलं. काही नाही. पंख्याला नाक लावलं तर तोच करपट वास.

ती टेबलापाशी खाली बसली.

"मॅडम, चालू इंजिनावर कुणी मुख्य स्विच बंद केला, तर अल्टरनेटरची वीज जायला बॅटरी उरत नाही. एकदम उसळी मारते. डायोड जळतात, आणि त्या क्षणाला जे जे चालू असेल ते ते जळतं. बंद असलेल्याला धक्का लागत नाही. आता बघा, काय जळलंय? टेबलावरचा दिवा, पंखा आणि इशाऱ्याचा लाल दिवा. काय वाचलंय? बाहेरचे दिवे आणि रेडिओ."

बाई हुशार होत्या. "धडकेच्या वेळी बाहेरचे दिवे चालूच असते."

"पहाटे निघतानाही होते, मास्तरांनी पाहिलेत. म्हणजे शुक्रवारी हे झालेलं नाही. बोट धक्क्याला उभी असताना, दिवसा झालंय. शुक्रवारी तो निघाला तेव्हाच अल्टरनेटर मेलेला होता. डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर वीज लागत नाही, म्हणून ते चालत राहिलं, त्याला पत्ताच लागला नाही. दिवसभर सगळी यंत्रं बॅटरी पीत राहिली. उरलीसुरली वीज वारा पडल्यावर इंजिन सुरू करण्यात गेली आणि धुक्यात येईपर्यंत ती रिकामी झाली."

"मंगळवार."

"मंगळवार. पंखा चालू होता. दादा या खोलीत पंखा लावून कधी बसला नाही. माझा पंखा बाहेर आहे आणि फुकटचा आहे, म्हणायचा. पंखा पाहुण्यांसाठी होता. कुणीतरी इथे पाहुण्यांना बसवलं होतं."

"आणि चालू इंजिनावर स्विच कशाला बंद करेल कुणी?"

"इंजिन थांबवायला. ज्याला फक्त मोटारगाडी ठाऊक आहे तो किल्ली फिरवेल. हे जुनं डिझेल किल्लीने थांबत नाही, सुकाणूखालचा दांडा ओढावा लागतो. ते माहीत नसलं की माणूस घाबरून हाताला लागेल ते फिरवेल."

"म्हणजे बोटीतलं काही न कळणारी बाई," अधिकारी बाई सावकाश म्हणाल्या. "जिच्या हाताला किल्ली लागू शकते."

वायरवालीने मीटर गुंडाळून ठेवलं. मंगळवारी दुपारी दादा वृद्धाश्रमात चष्मे तपासायला जायचा. दुकानात वहिनी एकटीच असायची. किल्ली खणात.

"मला उद्यापर्यंत वेळ द्या," ती म्हणाली.

६

मैदानावर शिकाऊ गाड्या खांबांमधून मागे-पुढे होत होत्या. कप्तान कडेला उभा राहून ओरडत होता, "आरशात बघा, आरसा काय भांग पाडायला दिलाय?" तिला पाहून तो थांबला.

"कप्तान, डायोड जळलेत हे तुम्हाला कसं कळलं?"

"म्हणजे?"

"बोट चार्ज होत नाही म्हटलं की दहातले नऊ जण म्हणतात, पट्टा बघ. दहावा म्हणतो, बॅटरी बघ. तुम्ही पहिल्या दिवशी थेट डायोड म्हणालात. झाकण मी काल उघडलं."

"एवढ्यावरून? अगं, अंदाज..."

"मंगळवारी वहिनीने तुम्हाला फोन केला होता. इंजिन बंद होत नाही म्हणून."

एक गाडी खांबाला घासून गेली. कप्तान ओरडला नाही. तो मागच्या बाकड्यावर जाऊन बसला, आणि बसल्यावर एकदम म्हाताराच दिसायला लागला.

"गिऱ्हाईक मीच पाठवलं होतं," तो म्हणाला. "माझा हात आता सुकाणूवर टिकत नाही, सांधे धरतात. बोट विकायची होती मला. तुझा भाऊ ऐकेना. वहिनीलाही तो समुद्रावर नकोच होता. तिच्या जिवाला घोर. म्हटलं, चांगलं गिऱ्हाईक आणून समोर उभं करू, मग दोघं मिळून त्याला समजावू. मला नेमकं इथे अडकायला लागलं, म्हणून ती गेली."

"आणि तिने सांगितलं, लाल मूठ फिरवली."

"सांगितलं. मी म्हटलं, होती तशी कर आणि दांडा ओढ." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "मला तेव्हाच कळलं. डायोड गेले असणार."

"दादाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर बोट विकायचं सगळं बाहेर आलं असतं. म्हटलं, शनिवारी गुपचूप उघडून बघतो. तो गुरुवारी म्हणाला, उद्या चक्कर मारून येतो. मी म्हटलं, ये. मला वाटलं, लाल दिवा लागेल, त्याला कळेलच, तो मागे फिरेल."

"दिवाही जळला होता."

कप्तान तोंड उघडून तिच्याकडे बघत राहिला. हे त्याला ठाऊक नव्हतं.

"आणि नंतर माझ्या डोक्यावर खापर फोडलंत."

"मग काय करू?" तो एकाएकी चवताळला. "जा, सांग अधिकारी बाईंना. पण मग वहिनीला सांगावं लागेल की तिच्या हाताने तिचा नवरा गेला. आहे छाती? तिला आयुष्यभर ते घेऊन जगायला लावशील? तुझा परवाना वर्षभराने परत येईल. तिचं काय परत येणार आहे?"

वायरवालीने मान मैदानाकडे वळवली. समोर एक शिकाऊ मुलगी गाडी बंद पाडून स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली होती.

७

वहिनी स्वयंपाकघरात भांडी लावत होती. आलेगेले पांगले होते. वायरवाली ओट्याला टेकून उभी राहिली. येताना रस्ताभर तिने वाक्यं जुळवली होती, ती सगळी इथे निसटली.

"वहिनी, मंगळवारी तू बोटीवर गेली होतीस."

ताट वहिनीच्या हातातच राहिलं. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पंखा जळलाय."

वहिनी पाटावर बसली. "नवरा-बायको आले होते. तिला उकडत होतं, म्हणून पंखा लावला. तो म्हणाला, इंजिन ऐकवा. ह्यांना कितीदा घरी बोलताना ऐकलंय, किल्ली अर्धी, मग पूर्ण. तसं केलं. झालं सुरू. मग किल्ली उलटी फिरवली तर बंद होईना! मला आधीच गरगरत होतं. जिन्याखाली लाल मूठ दिसली, तीही फिरवली. दिवा भक्कन पेटला आणि गेला, पंखा घुं करून थांबला, आणि ते मेलं इंजिन चालूच. ते दोघं हसायला लागले. मग कप्तानाला फोन केला." ती थांबली. "तो म्हणाला, ह्यांना काही बोलू नकोस, मी बघतो. मी नाही बोलले. मी बोटीवर गेले होते हे ह्यांना कळायला नको होतं... तू कशाला विचारतेस?"

आता खोटं बोलायची शेवटची संधी होती. सहज विचारलं म्हणून विषय बदलता आला असता.

"त्या मुठीने अल्टरनेटर जळला, वहिनी. त्यामुळे बॅटरी भरली नाही. म्हणून दिवे नव्हते."

वहिनीने हातातलं ताट मांडीवर घेतलं.

"म्हणजे मी."

"मूठ तू फिरवलीस. त्याने काय होतं हे तुला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं त्याला तू तेव्हाच्या तेव्हा सांगितलंस. तो बोलला नाही."

"तू हे मला सांगितलं नसतंस तर?"

"माझ्या नावावर गेलं असतं."

"आणि तू जाऊ दिलं असतंस?"

"परवापर्यंत दिलं असतं. मला काही वाटतच नाहीये, वहिनी. सही कर म्हटलं असतं तर केली असती."

"मग का सांगितलंस?"

वायरवालीने विचार केला. "उद्या तू मला विचारशील, जेवलीस का. तुझ्यापासून हे लपवून मला तुझ्या समोर बसता आलं नसतं."

वहिनीने ताट जागेवर ठेवलं. बराच वेळ ती ताटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"चौकशी कधी आहे?"

"बुधवारी. मी सांगते सगळं. तू येऊ नकोस."

"मी येणार," वहिनी म्हणाली. "माझ्या तोंडून ऐकू दे त्यांना. नाहीतर तो म्हणेल, बहीण स्वतःला वाचवायला बोलतेय."

८

बुधवारी वहिनी उभी राहिली आणि बोलली. आवाज कापला नाही की चढला नाही. गिऱ्हाईक, पंखा, किल्ली, मूठ, फोन. फोनवर काय सांगितलं आणि काय ऐकलं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मी चुकले, मी ह्यांना विचारायला हवं होतं. पण ह्या पोरीने काही केलेलं नाही." आणि खाली बसली.

कप्तानाने नाकारलं नाही. तो एवढंच म्हणाला, की शनिवारी मी बघणारच होतो. अधिकारी बाईंनी ते वाक्य दोनदा ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "गुरुवारी तो तुम्हाला म्हणाला, उद्या निघतोय. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"ये, म्हणालो."

अधिकारी बाईंनी ते लिहून घेतलं.

बसवण्यात दोष नव्हता, असं बाईंनी जाहीर केलं. कप्तानाचा समुद्रावर जायचा परवाना काढून घेतला, आणि बिघाड ठाऊक असून माणसाला जाऊ दिल्याचं प्रकरण वर पाठवलं. धुक्यात वेग कमी न करणाऱ्या मालवाहू बोटीवरही ठपका आला. बाहेर यार्डवाला येऊन वायरवालीला म्हणाला, "मी सांगितलं हं, काटा चौदावर होता." मास्तरांनी नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती सगळ्यांना बरं बरं म्हणत राहिली. आपण सुटलो, हे तिला दुसऱ्या कुणाबद्दल ऐकल्यासारखं वाटत होतं.

पायऱ्या उतरताना वहिनी थांबली. "चार दिवस तुझ्याकडे येऊ का? त्या घरात संध्याकाळ होऊ लागली की..."

"चल."

वायरवालीची खोली एकटीची. खुर्चीवर वायरींची भेंडोळी, खिडकीत सुटे बल्ब. तिने खुर्ची रिकामी केली, भात टाकला, डाळ शिजत ठेवली. वहिनीने न विचारताच पातेल्याखालचा जाळ कमी केला. दोघी जमिनीवर समोरासमोर बसल्या. एक घास, दुसरा घास. खिडकीखालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

वहिनी चावता चावता थांबली.

"अगं, मीठ?"

वायरवालीने आपल्या पानातलं बोटाने चाखून पाहिलं. डाळ खरंच अळणी होती. भातही. तिला ते आत्ता, वहिनी बोलल्यावर, जिभेला लागलं. "थांब, आणते," म्हणून ती उठली, फळीवरची बरणी काढली, झाकण उघडलं, आणि तशीच, बरणी हातात धरून, ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. आधी खांदे हलले. मग तोंडातून असा आवाज फुटला की तिचा तिलाच तो ओळखू आला नाही.

वहिनीने हाक मारली नाही. तिने दोन्ही पानांवर ताटं झाकली आणि वाट बघत बसली.